तीन दिवाळ्यांची फळी

सोमवारी सकाळी दुकान उघडून तासभर झाला असेल. एका म्हाताऱ्या बाईनं काउंटरवर अर्धी चिठ्ठी ठेवली आणि बन्सीधरच्या हातातला पेचकस घसरून इस्त्रीच्या पत्र्यावर ओरखडा उमटला. ओरखडा लहानच होता, गिऱ्हाइकाच्या ध्यानातही आला नसता. पण गेल्या कित्येक वर्षांत त्याच्या हातून पेचकस घसरलेला नव्हता, म्हणून त्याचं लक्ष आधी ओरखड्याकडे गेलं आणि मग चिठ्ठीकडे. चिठ्ठी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी न घालता जपलेली. एका बाजूनं ती हातानं फाडलेली होती, आणि फाडताना मध्येच बोट वळवल्यानं आलेली ती नागमोडी कड त्यानं कुठंही ओळखली असती. जांभळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, ५१३. त्याखाली ‘आश्रुबा’, आणि त्याखाली ‘बँड बदलताना खरखर’. अक्षर त्याचंच होतं. ‘ख’चं पोट तो तेव्हा असं फुगवून काढायचा. आता काढत नाही.

“रेडिओ न्यायला आले मी,” बाई म्हणाली. “आमच्या त्यायनी दुरुस्तीला टाकला व्हता.”

“कवा टाकला व्हता?” त्यानं विचारलं. विचारायची गरज नव्हती.

“नावाची दंगल झाली ना, त्याच्या आठ दिस आधी.”

गेल्या पोळ्याच्या आधी म्हणावं, तसं तिनं ते सांगितलं. बन्सीधरनं पेचकस खाली ठेवला आणि चिठ्ठी उलटी केली. मागं काही नव्हतं. गिऱ्हाइकाच्या अर्ध्या चिठ्ठीच्या मागं कधीच काही नसतं.

“लय दिस झाले, बाई.”

“सोळावं वरीस हाय. मोजलंय मी. मी सुलाबाई, आश्रुबाची. पूर्णेकाठचे आमी, येलदरीच्या वाटंवरचे. तुमचं दुकान हाय तिथंच हाय, हे बरं झालं. आमचं गाव बी हाय तिथंच हाय, पर आमी न्हाईत तिथं.” काउंटरपाशी गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर ती विचारल्याशिवाय बसली. “ते म्हणायचे, विद्यापीठाचं नाव होऊ दे. नाव झालं की गावाकडं चक्कर मारू, अन् येताना मिस्त्रीकडून रेडिओ घिऊ. दरसाली म्हणायचे. नाव व्हईना अन् रेडिओ येईना. आता शुक्रवारी नाव झालं. जुन्याला जोडून का व्हईना, पर झालं. तर आता तेच न्हाईत. मागच्या पावसाळ्यात गेले, दम्यानं.”

ती बन्सीधरच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत होती. तिथं दोन लांब फळ्या होत्या. वरच्या फळीवर तयार झालेल्या वस्तू: चार इस्त्र्या, एक टेबल फॅन, दोन मिक्सर, पाणी तापवायच्या तीन कांड्या. खालच्या फळीवर न नेलेल्या.

“बघून गेले व्हते ते तुमच्याकडं,” सुलाबाई म्हणाली. “दंगलीनंतर आमी हितंच, परभणीत व्हतो की. रेल्वेच्या चाळीत, माझ्या भावाच्या मेव्हण्याकडं. सतरा माणसं एका खोलीत. घरातलं काय म्हणून राहिलं न्हवतं. जर्मनचं पातेलं व्हतं एक, ते बी वितळून त्याची वडी झाली व्हती, मुठीएवढी. तर एक दिस हे म्हणले, जाऊन रेडिओ घिऊन येतो. गेले अन् मोकळ्या हातानं आले. मी म्हणलं, काय झालं? तर म्हणले, तयार हाय, मिस्त्रीनं फळीवर ठिवलाय, रस्त्यावरून दिसतो. आपल्याला ठिवाय जागा कुठाय? राहू दे तिथं, नीट हाय. मला लय बरं वाटलं वो. घरातलं एक तरी नीट हाय कुठंतरी, म्हणून.” मग तिनं फळ्यांवरून एकदा डावीकडून उजवीकडे नजर फिरवली. “कोणता त्यातला?”

“मागं ठेवलाय,” बन्सीधर म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला नेहमीसारखाच वाटला, याचं त्याला जरा नवल वाटलं. “शोधावा लागंल. गुरुवारी या.”

“येते की. नांदेडहून आले, भाचीकडं हाय आठवडाभर. मला काय घाई?” तिनं चिठ्ठी उचलली, पिशवीत घातली, पिशवी चंचीत घातली. दुकानाची पायरी उतरताना तिनं दाराच्या चौकटीला हात लावला, आधारासाठी असेल.

तिच्या डोक्यावर, चौकटीच्या आतल्या बाजूला, पत्र्याची पाटी होती: ‘तयार वस्तू तीन दिवाळ्यांच्या आत न्यावी. नंतर जबाबदारी नाही.’ पाटी दुकानाइतकीच जुनी. ज्या उस्तादांच्या हाताखाली बन्सीधर शिकला त्यांच्याकडे पाटी नव्हती, पण नियम हाच होता. त्यांच्याकडे तो तीन ईदांचा होता, बन्सीधरनं तीन दिवाळ्यांचा केला. वस्तू दुरुस्तीला आली की पुठ्ठ्याच्या दोन्ही टोकांना नाव, नंबर आणि तक्रार लिहायची. मग तो मधून हातानं फाडायचा, कात्रीनं नाही, म्हणजे दुसरं कुणी जोडीचा तुकडा बनवू शकत नाही. अर्धा गिऱ्हाइकाला, अर्धा वस्तूला बांधून. माणूस आलाच नाही तर वस्तू तीन दिवाळ्या फळीवर राहते. तिसरी दिवाळी सरली की ती खोलायची. इस्त्रीतून अभ्रकाच्या पट्ट्या निघतात, मिक्सरच्या मोटारीतून तांब्याची तार, पंख्यातून बेअरिंग, रेडिओतून तर निम्मं दुकान निघतं. मेलेल्या वस्तूत सगळंच मेलेलं नसतं. तिच्यातला एखादाच भाग गेलेला असतो आणि बाकीचे सगळे त्याच्यामुळे गप्प झालेले असतात. ते काढायचे आणि दुसऱ्या कुणाच्या वस्तूत बसवायचे. पण खोलल्या दिवशीच, काम सुरू करायच्या आधी, चिठ्ठीच्या पाठीवर तारीख टाकायची, आणि मग जसजसा एकेक भाग जाईल तसतसं कुणाला काय गेलं ते लिहायचं. चिठ्ठी तारेत ओवायची. “खोलना आसान है मियाँ,” उस्ताद म्हणायचे, “किसका क्या निकाला, वो याद रखना मुश्किल.” बन्सीधरला हे पहिल्या दिवसापासून पटलं होतं. वालूरकडे त्याच्या बापाची आठ एकर कोरडवाहू होती आणि तिला तीन भाऊ वाटेकरी. शेतात कुणी काय काढलं आणि कुणाचं काय गेलं, हे कुणीच लिहून ठेवत नव्हतं, म्हणून वाद संपत नव्हते. दुकानात तसं नव्हतं. दुकानात तार होती. कोपऱ्यात खिळ्याला लटकलेल्या त्या लोखंडी तारेत चोवीस वर्षांच्या चिठ्ठ्या होत्या, खालच्या पिवळ्या पडलेल्या, वरच्या कोऱ्या. गावात कुणाशी बोलताना, मी कुणाची वस्तू तीन दिवाळ्यांच्या आत कधी खोलली नाही, असं तो म्हणायचा, आणि म्हणताना त्याचा विश्वास असायचा.

दुपारी तो जेवायला घरी गेला नाही. डबा उघडून समोर ठेवला आणि तार उतरवून मांडीवर घेतली. पाचशे तेरा सापडायला वेळ लागला नाही, कारण ती कुठं आहे हे त्याला माहीत होतं. इतक्या वर्षांत तारेत नवी चिठ्ठी ओवताना त्याचं बोट त्या जागेवरून कधी सरळ गेलं नव्हतं, जरासं उचलून पुढे जायचं. चिठ्ठीच्या पाठीवर त्याच जांभळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: ‘खोलला ९-८-७८. स्पीकर – व्यंकटराव.’ त्याखाली वेगवेगळ्या दिवशीच्या आणखी चार ओळी.

तीन दिवाळ्या नव्हे, एकही नव्हे. आणून टाकल्यापासून तीन आठवडे. आणि रेडिओ बिघडलेलाही नव्हता. बँडच्या खटक्यावर धूळ आणि तेलाचा थर होता, आश्रुबा पायरी उतरून गेल्यावर दहा मिनिटांत बन्सीधरनं तो स्पिरिटनं पुसून काढला होता. चार मोठ्या सेलवर चालणारा, लाकडी खोक्याचा, तीन बँडचा ट्रान्झिस्टर. नीट, गोल आवाज. त्यानं तो वरच्या फळीवर मधोमध ठेवला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून, कारण त्या आठवड्यात त्याच्या फळीवर दाखवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. मग जुलैच्या शेवटी मुंबईत नामांतराचा ठराव झाला आणि इकडं सगळं पेटलं. दुकान चार दिवस बंद, दोन दिवस अर्धं उघडं, पुन्हा बंद. औरंगाबादेहून माल यायचा थांबला. पाटबंधारे खात्यातले व्यंकटराव रोज सकाळी यायचे. त्यांच्या रेडिओच्या स्पीकरचा कागद फाटला होता आणि त्यांना बातम्या ऐकायच्या होत्या. त्या दिवसांत सगळ्यांनाच बातम्या ऐकायच्या होत्या. “अरे, कुठनंतरी काढून दे,” ते म्हणायचे, आणि म्हणताना त्यांची नजर फळीवर जायची. बातम्यांत पूर्णेकाठच्या गावांची नावं येत नव्हती, पण माणसांच्या तोंडून यायची. आश्रुबाच्या गावाचंही आलं. बन्सीधरला आता आठवत होतं ते एवढंच, की नाव ऐकल्यावर त्याला वाईट वाटलं, खरंच वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याच्या पोटातच दुसरी एक गोष्ट अगदी सावकाश, कुणी न सांगता, बसून गेली. हा माणूस आता येत नाही. तो तसं मोठ्यानं बोलला नव्हता. त्यानं तसा विचारही केला नव्हता. फक्त दुसऱ्या दिवशी व्यंकटराव आले तेव्हा त्याचा हात वरच्या फळीकडे गेला होता.

त्यानं एक घास खाल्ला. ज्वारीची भाकर सकाळची होती, वातड झाली होती. सोल्डरचं कथील-शिसं दोनशे अंशांच्या आतच पाघळतं, हे त्याला माहीत होतं. हातातल्या सोल्डरच्या कांडीचं टोक चारशेच्या पुढं जात नाही. जर्मन, म्हणजे ॲल्युमिनियम, पाघळायला साडेसहाशे लागतात. सुलाबाईच्या पातेल्याची वडी झाली, म्हणजे घरात साडेसहाशे तरी असणार. हा हिशेब त्यानं सकाळी ती बोलत असतानाच केला होता, नको असताना, आपोआप, धंद्याच्या सवयीनं. पण सोळा वर्षांपूर्वी तो त्याच्या मनात आला नव्हता.

आणि लिंबाखालचा माणूस. रस्त्यापलीकडे तेव्हा मोठा लिंब होता. नऊ ऑगस्टच्या त्या बुधवारी बन्सीधरच्या डाव्या हातात आश्रुबाच्या रेडिओतून सोडवलेला स्पीकर होता आणि उजव्या हातात तापलेली कांडी. उघडं खोकं समोर, दारातून सरळ दिसेल असं. लिंबाखाली कुणीतरी उभं आहे असं त्याला वाटलं. खांद्यावर टॉवेल, पायात काही नाही. उभं राहण्याची एक पद्धत असते माणसाची, तोंड दिसायची गरज नसते. बन्सीधरनं मान खाली घातली आणि टाका मारला. सोल्डरचा एक टाका बसायला तीन सेकंद लागतात. तो त्याहून कितीतरी जास्त वेळ खाली बघत राहिला. वर बघितलं तेव्हा लिंबाखाली शेळी होती. मग पुढं सोळा वर्षं, कधी कधी, टाका मारताना, तो स्वतःला सांगत आला, की तिथं कुणी नव्हतं, असलं तरी तो आश्रुबा नव्हता, आश्रुबा असता तर रस्ता ओलांडून आला असता. सामान आपलं, चिठ्ठी आपल्याजवळ, माणूस येणारच. आता त्याला कळत होतं, की तो माणूस रस्ता न ओलांडता परत गेला, आणि रेल्वेच्या चाळीपर्यंतच्या मैलभराच्या वाटेत त्यानं बायकोला काय सांगायचं ते ठरवलं. फळीवर हाय. नीट हाय. आणि मग दरसाली, नाव होऊ दे, मग जाऊ.

घरी त्याची बायको धुरपताबाई अंगणात तूर भरडत बसली होती. मंगळवारी सकाळी बन्सीधरनं देवघराच्या कोनाड्यातलं लाकडी खोकं खाली काढलं तेव्हा तिनं हात थांबवले. खोक्यात वाती होत्या, काडेपेट्या, उदबत्त्यांचे पुडे, तेलाची बुधली. स्पीकरच्या गोल छिद्रांवर तिनं आतून कापड लावलं होतं, मुंग्या जाऊ नयेत म्हणून.

“काय करायलाव ते?”

“न्यायचंय दुकानात. गिऱ्हाइकाचं हाय.”

“गिऱ्हाइकाचं?” ती म्हणाली. “पंधरा वर्सं झाली, वाती ठिवायले मी त्यात. आज सांगायलाव व्हय, कुणाचं हाय ते?”

“काल आलं ना गिऱ्हाईक.”

“मग तुमची ती पाटी? तीन दिवाळ्या? गावभर सांगत फिरता.” ती उठून आली आणि खोक्यातलं सामान परातीत काढून देऊ लागली. “त्या कोपऱ्याला उंदरानं कुरतडलंय बघा. मी न्हाई हं. आणलं तवापासून हाय.”

बन्सीधरनं कोपऱ्यावर बोट फिरवलं. बारीक बारीक खाचा, दोन ओळींत. “बाईमाणूस हाय,” तो म्हणाला. “घर जळालं व्हतं त्यायचं. नावाच्या दंगलीत.”

धुरपताबाईनं बुधली काढून घेतली, पदरानं खोक्याचा तळ पुसला, मग पुन्हा एकदा पुसला. तेलाचा डाग निघत नव्हता. “वास येईल तेलाचा,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, भरडायला बसल्यावर, वर न बघता: “सांगायचं व्हतं की मला. वाती काय, डब्यात बी राहिल्या असत्या.”

व्यंकटराव आता निवृत्त होते, घरात टीव्ही होता, आणि बुधवारी दुपारी त्यावर काहीतरी चालू असताना ते त्याच्यासमोर पेपर वाचत होते. बन्सीधरनं जुना रेडिओ आहे का विचारलं तेव्हा ते हसले. “का रे, दिलेलं परत न्यायला लागलास का आता? उद्या म्हणशील, पंखा पण काढून दे.” रेडिओ माळ्यावर होता. शिडी लावून बन्सीधरच वर चढला, कापडात गुंडाळलेला तो खाली आणला आणि तिथंच, सतरंजीवर बसून, पाठ खोलली. त्याचे चार टाके जागेवर होते, अजून चकचकीत. व्यंकटराव पेपर बाजूला ठेवून बघत राहिले. “त्या गडबडीत तूच एक कामाला आलास बघ,” ते म्हणाले. “रोजची बातमी मी यावर ऐकली. सकाळची, दुपारची, रात्रीची. आमच्या गल्लीतले सगळे ओट्यावर येऊन बसायचे.”

“हा स्पीकर आश्रुबाचा व्हता.”

“कोण आश्रुबा?”

“त्या दंगलीत घर जळालं, त्यातला एक.”

टीव्हीवर कुणीतरी गात होतं. व्यंकटरावांनी उठून आवाज कमी केला, बंद केला नाही. “मला काय माहीत,” ते म्हणाले.

“तुमाला कसं माहीत असणार, साहेब?”

सायकलच्या हँडलला पिशवीत स्पीकर लटकावून परत येताना बन्सीधरला हलकं वाटायला पाहिजे होतं, पण वाटलं नाही. स्पीकर सापडला, खोकं सापडलं. चिठ्ठीवरच्या बाकीच्या ओळी मात्र आता कुठंच जात नव्हत्या. स्टेशनसमोरच्या हॉटेलात त्यानं स्टेशन लावायचा भाग बसवला होता; ते हॉटेल जाऊन तिथं कापडाचं दुकान झालं होतं आणि रेडिओ कधीच भंगारवाल्याकडे गेला होता. बँडचा खटका झरीच्या एका शिक्षकांकडे गेला होता. ते शिक्षक वारले होते. एक भाग कुणाला दिला ते त्यानं नुसतं ‘बाई’ असं लिहिलं होतं. कोणती बाई, हे त्याला आठवेना. याद रखना मुश्किल. ते भाग त्यानं दुसऱ्या रेडिओंतून काढले, खालच्या फळीवरच्या, ज्यांच्या तीन दिवाळ्या सरल्या होत्या. प्रत्येकाच्या चिठ्ठीमागं तारीख टाकली, कुणाला गेलं तिथं ‘आश्रुबा’ लिहिलं. बुधवारी दिवस मावळायच्या आत रेडिओ उभा राहिला. हल्लीचे मिक्सर, इस्त्र्या रिबिटा मारून बंद करून यायला लागले होते; खोलायला गेलं की फुटतात, म्हणून लोक नवीनच घेतात. हा रेडिओ खोलण्यासाठीच केल्यासारखा होता, आठ स्क्रू आणि प्रत्येक भाग आपल्या जागी. त्यानं तो वरच्या फळीवर, मधोमध, होता तिथं ठेवला. लांबून बघितलं. आता काहीही सांगता आलं असतं.

गुरुवारी सकाळी सुलाबाई आली तेव्हा ऊन रस्त्याच्या पलीकडच्या कडेला आलं होतं. तिनं आत पाऊल टाकायच्या आधीच फळीकडे बघितलं आणि ती जागीच थांबली. बन्सीधरनं रेडिओ उतरवून काउंटरवर ठेवला, खटका फिरवला. परभणी केंद्रावर कुणीतरी तुरीवरच्या अळीबद्दल सांगत होतं, शांतपणे, घाई न करता. खरखर नव्हती. सुलाबाईनं रेडिओच्या आवाजाकडे लक्ष दिलं नाही. तिनं हात फिरवत फिरवत डाव्या कोपऱ्यापर्यंत आणला आणि तिथल्या खाचांवर अंगठा ठेवला.

“वनमालाचे दात,” ती म्हणाली. “लेक माझी. दात यायले व्हते तवा हेच चावायची. आता शाळेत शिकवती नांदेडला, तिचीच पोरगी तेवढी झाली.” ती जरा वाकली आणि तिनं वास घेतला. “तेलाचा वास यायलाय.”

“व्हय.”

“इतकी वर्सं हितंच व्हता व्हय? फळीवर?”

बन्सीधरनं तीन दिवस याच प्रश्नाची वाट बघितली होती. ‘हो’ म्हणायला श्वासही लागला नसता. आणि ‘हो’ म्हणण्यात वाईट काही नव्हतं. त्यात आश्रुबाचा शब्द राहत होता, या बाईचं सोळा वर्षांचं समाधान राहत होतं. गेल्या तीन दिवसांत ही सगळी कारणं त्याच्याकडे एकेक करून आली होती, चांगल्या घरची, नीट कपडे घातलेली, आणि त्यानं ती बसवून घेतली होती. आता तिच्या अंगठ्याकडे बघताना त्याला एवढंच दिसलं, की आश्रुबा खोटं बोलला ते हिच्यासाठी. आपण तेच शब्द बोललो तर ते हिच्यासाठी नसतील.

“न्हाई, बाई,” तो म्हणाला. “खोलला व्हता मी. परत जोडला, तुमी आल्यावर.”

“कवा खोलला?”

त्यानं तार उतरवली, पाचशे तेरा काढून तिच्यासमोर ठेवली. तिनं आपली पिशवी काढली, आपली अर्धी चिठ्ठी तिच्या शेजारी सरकवली. नागमोडी कडा एकमेकींत बसल्या. मग तिनं त्याची अर्धी उलटी केली आणि त्याच्याकडे ढकलली.

“मला कुठं वाचाय येतं? तुमीच वाचा.”

त्यानं वाचलं. “खोलला, नऊ ऑगस्ट अठ्ठ्याहत्तर. स्पीकर, व्यंकटराव. स्टेशनचा भाग, हॉटेल. बँडचा खटका, झरीचे गुरुजी. सेलचा कप्पा, धोंडीबा. आवाजाचं बटण, बाई.” शेवटपर्यंत वाचलं. वाचताना त्याचा आवाज रेडिओवरच्या माणसासारखा येत होता, हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानं रेडिओ बंद केला.

सुलाबाई बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होती. “दंगलीनंतर पंधरवडा न्हाई झाला,” ती म्हणाली. “ते बघाय आले त्या दिवशी बुधवार व्हता. चाळीत बुधवारी पाणी यायचं न्हाई, म्हणून ध्यानात हाय.”

“बुधवारच व्हता.”

“मग त्यायनी बघितला तवा…”

“माझ्या हातात व्हता, खोललेला. ते समोर हुबे व्हते, लिंबाखाली. मी बघितलं त्यायला. अन् मान खाली घातली.”

रस्त्यावरून एक टांगा गेला. तिच्या चेहऱ्यावर काय येईल म्हणून बन्सीधर वाट बघत राहिला, पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती कुठंतरी दुसरीकडे होती, एका खोलीत, सतरा माणसांत, दारातून आत येणाऱ्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत.

“मी समजायची,” ती अखेर म्हणाली, “या माणसाला खोटं बोलाय येतच न्हाई. बाजारात बी फसून यायचा. पस्तीस वर्सं संसार केला.” तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. “येत व्हतं की.”

तिनं आपली अर्धी चिठ्ठी उचलून पिशवीत घातली. त्याची त्याच्याकडे सरकवली. “ही तुमची.”

“रेडिओ बांधून देतो,” बन्सीधर म्हणाला. “नवीन सेल घातलेत. बिघडला तर कवा बी…”

“फळीवर ठिवा.”

त्याला आधी कळलं नाही.

“व्हता तिथं ठिवा. त्यायनी सांगितलं व्हतं, फळीवर हाय, नीट हाय. तर असू द्या तसं.” ती उठली, गुडघ्याला हात लावून. “मी येत जाईन बघाय. नांदेडहून काय, गाडीनं दीड-दोन तास. सांगून न्हाई यायची.”

“किती दिवस ठिवू?” त्यानं विचारलं, आणि विचारल्यावर त्याला पाटी आठवली.

“तुमीच ठरवा,” सुलाबाई म्हणाली. “तुमची फळी हाय.”

त्यानं रेडिओ उचलून वर ठेवला. हात काढून घेताना कोपऱ्यावरच्या खाचा बोटाला लागल्या. तो वळला तेव्हा ती पायरी उतरून गेली होती, पण स्टेशनकडे वळली नव्हती. ती रस्ता ओलांडत होती, दोन्हीकडे बघून, एका सायकलला जाऊ देऊन. लिंब तीन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करताना तोडला होता. तिथं आता नुसता बुंधा होता आणि त्याच्याशेजारी विजेचा खांब. तिला तेवढ्यावरून जागा कळली. बुंध्यापाशी जाऊन ती वळली आणि दुकानाकडे तोंड करून उभी राहिली, डोळ्यांवर हात धरून, कारण ऊन समोरून होतं. तिथून फळी दिसते का, ते ती बघत होती.

काउंटरवर सोमवारची इस्त्री पडली होती, ओरखडा उमटलेली, एक टाका मारायचा राहिलेली. कांडी तापली होती. बन्सीधरनं ती हातात घेतली, आणि मग तशीच धरून, मान वर ठेवून, बसून राहिला.